बकौल मालिक-मकान

माझ्या सभ्यपणापायी एकदा एक बाळंतीण आणि तिचे अकरा दिवसांचे मूल मरता मरता वाचले. ही हकिकत मी आजवर कोणाला पुरती सांगितलेली नाही. विषय निघालाच तर 'शिकाऊ असताना थोडा घोळ झाला होता' एवढे म्हणून मी तो मिटवीत असे. लिहायला बसलो आहे तोही फार उशिरा. पण उशिरा सुरुवात करण्याची मला पूर्वीपासून सवय आहे.

चौतिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. त्याआधी सोयगावच्या शाळेत मी फारसी आणि गणित शिकवीत असे. शिकवीत असे म्हणण्यापेक्षा फळ्याकडे तोंड करून सुंदर अक्षरात लिहीत असे, हे अधिक खरे. माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे पोचत नसे. मागची मुले कवड्या खेळत आणि मी ते दिसत नसल्याचे दाखवी. निजामाच्या अमदानीत औरंगाबादेस घरांची तपासणी करणारे लोक तयार करण्यासाठी एक वर्ग निघाला. घरातली कोणती गोष्ट माणसाला आजारी पाडते ते ओळखायचे आणि ती दुरुस्त करवून घ्यायची, असे ते काम. भिंती, मोऱ्या आणि रांजण यांच्याशी बोलावे लागत नाही, एवढ्याच विचाराने मी अर्ज केला.

वर्ग उर्दूतून चाले. बहुतेक विद्यार्थी विशीतले होते आणि मला 'मास्तर' म्हणत; त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी कधी तपासले नाही. शिकवायला एक वृद्ध डॉक्टरसाहेब होते. त्यांची शिकवण्याची रीत विलक्षण होती. एके दिवशी त्यांनी खिडक्या-दारे लावून आम्हां सर्वांना अर्धा तास एका खोलीत कोंडले. मग आमच्यातल्या एकालाच बाहेर नेले, अंगणात फेरी मारवली आणि परत आत आणून म्हणाले, "अब सूँघो." त्याने नाक दाबले. आम्हा बाकीच्यांना कसलाच वास येत नव्हता.

"घरवालों को अपने घर की बू नहीं आती, मियाँ," डॉक्टरसाहेब म्हणाले. "इसीलिए तुम."

आणखी एकदा त्यांनी कंदिलाच्या काचेखाली मेणबत्ती लावली आणि खालची फट ओल्या कापडाने बुजवली. वरचे तोंड उघडे असूनही ज्योत विझली. "हवा एक दरवाज़े से नहीं आती. दूसरा दरवाज़ा उसे बुलाता है." त्याच तासाला त्यांनी कोळशाविषयी सांगितले. पेटलेल्या निखाऱ्यांतून धूर निघत नाही, म्हणून लोक त्यांना निरुपद्रवी समजतात. बंद खोलीत त्यांतून जी हवा सुटते तिला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मग झोप येते. माणसाचा चेहरा तेव्हा लालसर, टवटवीत दिसू शकतो. त्या टवटवीवर विश्वास ठेवू नका. हे सारे मी वहीत उतरवून घेतले. माझ्या वहीवरूनच निम्म्या वर्गाने आपल्या वह्या पुऱ्या केल्या.

आता तपासणीचा एक रिवाज सांगितला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावरच घडले. शहरातल्या बहुतेक घरांत, मुसलमानांच्याच असे नव्हे, परक्या पुरुषासमोर बायका येत नसत. या पडद्याला आमच्याकडे गोशा म्हणत. तपासनिसाने दारात उभे राहून तीनदा हाक द्यायची. घरातल्या सर्व बायका एका खोलीत जात, दार लावून घेत आणि आतून दाराची कडी दोनदा वाजवीत. मग आत शिरायचे. काम संपले की 'निघालो' म्हणायचे. आतून कडी एकदा वाजली की निघायचे. ती बंद खोली अर्थातच पाहायची नाही. तिच्यासाठी फॉर्मात छापील शब्दच होते: बकौल मालिक-मकान. म्हणजे घरमालकाच्या सांगण्यावरून. मालकाने 'खोली चांगली आहे' म्हटले की तसे लिहायचे. मला ही व्यवस्था अतिशय सोयीची वाटे.

ती पौषातली सकाळ होती. आम्हाला दोघादोघांना हिमरूचे रेशमी कापड विणणाऱ्यांच्या मोहल्ल्यात सरावासाठी पाठवले होते. माझा जोडीदार वेरूळकडचा, देवी टोचणाऱ्याच्या हाताखाली दोन वर्षे गावोगाव फिरलेला, धीट गडी.

"मास्तर, आज हाक तुम्ही द्या. तुमची पाळी हाय."

मी हाक दिली. भिंतीवर ऊन खात बसलेली मांजरसुद्धा हलली नाही.

"आसं करा, घरच्यांना चिठ्ठी लिवा," तो म्हणाला आणि त्यानेच गल्ली दणाणून सोडली. "तपासणीवाले आलेत हो! गोशा करा!"

आत बांगड्या वाजल्या, भांडे आपटले. एका प्रौढ बाईचा खणखणीत आवाज आला, "आ गए मोरी सूँघने वाले! चलो गे, सब कोठरी में चलो. दुल्हन के पास बैठो."

"अम्मा, उधर जगा किधर है?"

"मेरे सर पे बैठ!"

हसण्याचा आवाज, दार लागल्याचा आवाज, आणि मग कडी दोनदा वाजली.

घरमालक पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. सदऱ्याला रेशमाचे तुकडे चिकटलेले. मुलगा तयार माल घेऊन हैदराबादला गेला होता. "या मास्तर. सून बाळंत झालीय, आज अकरावा दिवस. तेवढी कोठरी सोडून सगळं घर तुमचं."

मी फॉर्म उघडला. "कोठरी हवादार आहे?"

"व्हय, एकदम. झरोका हाय. अन् दार तर दिवसभर उघडंच ऱ्हातं, नुसता पडदा."

मी लिहिले: खोली क्रमांक चार, बकौल मालिक-मकान, हवादार. दिवसभर उघडे राहणारे ते दार आमच्याच हाकेने आत्ता बंद झाले आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. जोडीदार मागच्या गल्लीत मोरीचे तोंड पाहायला गेला. घरभर ओव्याचा आणि लोबानाचा वास दरवळत होता. वासाच्या रकान्यात मी 'दुर्गंध नाही' असे भरले.

थोड्या वेळाने मालक म्हणाले, "चहा आणतो हाटेलातून. घरात आता करणार कोण? साऱ्या कोंडल्यात." मी नको म्हणालो, पण माझे नको त्यांना ऐकू गेले नसावे; ते किटली घेऊन बाहेर पडले.

मी हातमागांच्या खोलीत मोजमाप सुरू केले. खिडक्यांची लांबी-रुंदी, जमिनीची लांबी-रुंदी, दोहोंचे प्रमाण. ती कोठरी याच खोलीला लागून होती आणि दारापलीकडचे बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

"काय को इत्ती देर लगारै? दीवार नापरै कि कफन?"

"अम्मा, धीरे! सुन लेगा."

"सुनने दे. सुनेगा तो हात चलेगा."

मी ऐकले, कानापर्यंत लाल झालो आणि त्या गडबडीत गुणाकार चुकलो. उत्तर जमेना. खरे तर तो सराव होता. आकडा ढोबळ लिहिला असता तरी चालले असते. पण माझ्या हातून खाडाखोड झालेला कागद डॉक्टरसाहेबांपुढे जाणार, ही कल्पना मला सहन होईना. मी पट्टी घेऊन पहिल्या खिडकीपासून पुन्हा सुरुवात केली. आत बाळ रडू लागले. कोणीतरी त्याला थोपटीत होते.

"अम्मा, मेरा सर दुखरा."

"तेरा सर काम के वखत रोज दुखता."

यावर कोणी तरी हसले, पण मघासारखे सगळ्या हसल्या नाहीत. मी वाशांची संख्या मोजली. उंदरांची बिळे मोजली. दोन मागांच्या खड्ड्यांत ओल आहे का ते हाताने चाचपून पाहिले. केव्हा तरी बाळाचे रडणे थांबले. खरे सांगायचे तर मला बरे वाटले. त्या शांततेत माझे प्रमाण पहिल्या फटक्यात जुळले आणि मी ते ठळक अक्षरात लिहिले.

मग कोठरीच्या दारापासून आदबीने चार हात दूर उभा राहून मी म्हणालो, "निघालो."

कडी वाजली नाही.

माझ्या आवाजाची मला खात्री नव्हतीच. मी एक पाऊल पुढे झालो. "निघालो आम्ही."

तरीही नाही. रागावल्या असतील, असे वाटले. कफनाचे बोलणे मी ऐकले हे त्यांना कळले असेल आणि आता त्यांना संकोच होत असेल, असेही वाटले. दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ लावताना मला नेहमी संकोचच सुचे. तिसऱ्यांदा हाक देण्याआधी मी दाराकडे पाहिले. दाराच्या खालच्या फटीत गोधडीचे टोक आतून गच्च कोंबलेले होते, थंडी लागू नये म्हणून. आणि तेव्हा तो ओव्याचा वास मला पुन्हा आला.

ओवा जमिनीवर ठेवून असा वास येत नाही. ओवा निखाऱ्यांवर टाकावा लागतो.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी. झरोका असेल, पण अकरा दिवसांच्या मुलाला वारा बाधू नये म्हणून तो बोळे कोंबून बुजवलेला असणार. राहिले दार. ते मी बंद करवले होते, आणि जवळजवळ तासभर बंद ठेवले होते, माझ्या गुणाकारासाठी.

एवढे कळल्यावर मी धावलो असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मी उभा राहिलो. माझी समजूत चुकीची निघाली तर? आत बायका नुसत्या चिडून गप्प बसल्या असतील, आणि मालक घरात नसताना एक परका पुरुष जनान्याचे दार उघडताना सापडला, तर त्या मोहल्ल्यातले एकही दार पुन्हा आमच्या वर्गाला उघडणार नाही. हे मी अगदी मुद्देसूद मनात मांडले. मग पुढे होऊन, बोटाच्या पेराने, परवानगी मागावी तसे दार वाजवले.

"अम्माजी, कडी काढता का?"

आत एक भांडे कलंडले आणि बराच वेळ घरंगळत राहिले. कोणी ते उचलले नाही.

मी जोडीदाराला हाक मारली. तो पुढे वर्षानुवर्षे सांगत असे की त्या हाकेने गल्लीतली कुत्री उठली; मला त्या आवाजाची आठवण नाही. तो परसातून आत डोकावला तेव्हा मी एवढेच म्हणालो, "कोळसा. मागून झरोका उघड. बोळे काढ, पाड, काय वाटेल ते कर!" तो एक शब्द न विचारता वळला.

दाराला आतून वर कडी होती. दार आणि चौकट यांच्यामध्ये पट्टी जाईल एवढी फट. मी उंबऱ्यावर चढून पट्टी आत सरकवली. पट्टी दोनदा कडीवरून निसटली. पलीकडून भिंतीवर काठीचे घाव ऐकू आले, माती पडली आणि फटीतून एकदम उजेडाची रेघ माझ्या हातावर आली. तिसऱ्या वेळी कडी उचलली गेली आणि चौकटीवर आपटली. मी ज्याची वाट पाहत होतो तो आवाज अखेर आला. तो माझा मीच केला होता.

दार वीतभर उघडले आणि अडले. खाली कोणी तरी दाराला टेकून पडले होते. फटीतून बांगड्यांनी भरलेला एक हात बाहेर आला होता.

"मास्तर!"

मागे घरमालक उभे होते, एका हातात किटली, दुसऱ्या हातात बशा. "जनाने में? हे काय करता?" बशा फुटल्या. त्यांनी माझी कॉलर धरली.

जन्मात कोणा वडीलधाऱ्याला मी एकेरी बोललो नव्हतो. "आत जा!" मी ओरडलो. "शेगडी लागलीय सगळ्यांना! ओढ बाहेर!"

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग खाली त्या हाताकडे पाहिले, आणि कॉलर सोडली.

आम्ही दोघांनी खांदे लावून दार ढकलले. दाराशी पडल्या होत्या त्या घरधनीणबाई, मघाच्या खणखणीत आवाजाच्या अम्मा. कडीपर्यंत पोचता पोचता कोसळल्या असाव्यात. घरच्या दोन मुली भिंतीला टेकून, एकीची मान दुसरीच्या खांद्यावर. बाजेवर सून. बाजेखाली शेगडी, तिच्यावर राखेचा पांढरा पातळ थर, आत लाल. मालकांनी बायकोला उचलले, जोडीदार येऊन पोचला त्याने मुलींना, आणि सुनेला आम्ही बाजेसकट बाहेर अंगणात आणले. शेजारच्या बायका ओरडत आल्या. मी बाजूला सरून उभा राहणार तोच कोणी तरी माझ्या हातात बाळ दिले. दुसरे हात रिकामे नव्हते.

बाळाचे गाल लाल होते. किती निरोगी दिसत होते ते! त्या टवटवीवर विश्वास ठेवू नका, हे माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत लिहिलेले होते. मी त्याची दुपटी सोडली आणि त्याला अंगणाच्या मधोमध, जिथे वाऱ्याचा झोत येत होता तिथे, तोंडावर वारा येईल असे धरले.

"आरं, वारा लागंल लेकराला! झाक त्याला!" एक शेजारीण माझ्या अंगावर धावून आली. "येडा झाला का तू? मारतो का त्याला?"

"लागू द्या," मी म्हणालो.

"दे इकडं!"

"नाही देणार."

तिने दुपटे ओढले, मी पाठ फिरवली. ती माझ्या पाठीवर बुक्क्या मारीत होती. अकरा दिवस ज्या वाऱ्यापासून साऱ्या घराने त्या मुलाला जपले होते, तोच मी त्याला देत होतो, आणि तो त्याला हवाच आहे की आता उशीर झाला आहे, हे मला ठाऊक नव्हते. मुलाने हात हलवला नाही. मी त्याच्या तळव्यांना टिचक्या मारल्या. मग त्याचे नाक आक्रसले, ते शिंकले, आणि त्या शिंकेचाच राग आल्यासारखे रडू लागले. शेजारणीच्या बुक्क्या थांबल्या. तिने मूल घेतले, तेव्हा मी दिले.

मुली उलट्या करीत उठून बसल्या. घरधनीणबाई कपाळ धरून कण्हत होत्या. सून मात्र हलत नव्हती. सर्वांत जास्त वेळ, सर्वांत जवळ, ती त्या शेगडीवर निजून होती. बायकांनी तिच्याभोवती चादर धरली. जोडीदार टांगा घेऊन डॉक्टरसाहेबांकडे गेला. मी आणि मालक चादरीच्या अलीकडे, किटलीतून सांडलेल्या चहाच्या थारोळ्याशेजारी उभे राहिलो. आतून तेवढे ऐकू येई, "दुल्हन, आँखाँ खोल गे. ए दुल्हन." पुन्हा पुन्हा, तेच.

डॉक्टरसाहेब आले, चादरीआड गेले. ऊन भिंतीवरून उतरून अंगणाच्या निम्म्यावर आले तेव्हा आत एकदम कालवा झाला, आणि ओकारीचा आवाज आला. डॉक्टरसाहेब बाहेर येऊन हात धुऊ लागले. "जी गई," ते मालकांना म्हणाले. मालक खाली बसले.

मग डॉक्टरसाहेबांनी माझ्यापुढे हात केला. मी फॉर्म दिला. त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. हवादार. दुर्गंध नाही. प्रमाण अचूक.

"लिखावट अच्छी है," ते म्हणाले.

त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर सोसले असते.

"दरवाज़ा किसने बंद किया?"

"आम्हीच, साहेब," मालक म्हणाले. "गोशा करायचा म्हणून..."

"मी," मी म्हणालो. "मी बंद करवलं. बंद ठेवलंही मीच."

डॉक्टरसाहेबांनी खिशातले पेन काढून माझ्या हातात दिले आणि रिकाम्या कोठरीकडे बोट केले. मी आत गेलो. शेगडी बाहेर काढून ठेवली होती, तरी भिंती उबदार होत्या. मी खोली क्रमांक चार मोजली. बकौल मालिक-मकान या शब्दांवर रेघ ओढली. सुबक कागदावरची ती पहिलीच खाडाखोड.

चार दिवसांनी गवंडी लागला. छताजवळ एक आणि समोरच्या भिंतीत जमिनीलगत एक, अशी दोन भोके पाडायची ठरली होती. दोन्हींवर जाळी, आणि खालच्या भोकासमोर विटांचा आडोसा, म्हणजे झोत बाजेवर येणार नाही. शेगडी दाराबाहेर पेटवायची, आणि शेक देताना दार उघडे. हे पटवून देण्यासाठी डॉक्टरसाहेबांनी मलाच पाठवले, एकट्याला. पडद्यापलीकडून घरधनीणबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"वही है क्या, कफन नापने वाला?"

"हो, अम्माजी. तोच."

मग त्या म्हणाल्या, "भोकं पाड. पर उस दिन तू पूछा काय को नहीं, हम बैठे किधर कू?"

मी तो प्रश्न जसाच्या तसा माझ्या वहीत उतरवून घेतला.

त्याच आठवड्यात पुढच्या गल्लीत एका घराच्या दारात उभे राहून मी स्वतः हाक दिली. तिसरी हाक आत पोचली. बांगड्या वाजू लागल्या, तशी मी घाईने म्हणालो, "थांबा. दार लावू नका. आधी सांगा, तुम्ही सगळ्याजणी बसणार कुठल्या खोलीत? ती खोली मला आधी पाहू द्या. तोवर तुम्ही दुसरीकडे थांबा."

मग एक बाई म्हणाली, "बाई गं! हा मास्तर बायकांच्या बसायची खोली इचारतो! शरम नाय का रे तुला?"

आत हशा पिकला. माझे कान तापले. बाजूला जोडीदार मान खाली घालून हसत होता.

"आहे," मी म्हणालो. "पण शेगडी आहे का त्या खोलीत?"